ओठात एक, पोटात एक : फ्लामेंकोच्या पदांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात स्पेनच्या आंदालुसिया प्रांतातल्या फ्लामेंको गायकीची ओळख करून दिली होती. 'या गाण्यांत चेहरा एक सांगतो आणि काळीज दुसरंच' असं एक वाक्य त्यात होतं. सगळ्यांत जास्त पत्रं त्या एका वाक्यावर आली, म्हणून या वेळचं पान त्यालाच दिलं आहे. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत, प्रश्न आहेत तसेच ठेवलेत.

संपादक महोदय, लेख वाचून दोन-चार फ्लामेंको गाणी मोबाइलवर ऐकली, खाली येणारं भाषांतरही वाचलं. 'तोंडावर हसू, आत रडू' एवढंच हाती लागलं. हे तर आमच्या चोखोबांनी 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा, काय भुललासी वरलिया रंगा' म्हणून कधीच सांगून ठेवलंय की! मग यात वेगळं काय?
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

साम्य आहेच, आणि तुम्ही ते नेमकं पकडलंत. पण बोलणारा कुठे उभा आहे ते बघा. चोखोबा समोरच्याला सांगतात, उसाच्या वाकडेपणावर जाऊ नकोस. अथणी-चिकोडीकडच्या फडात ज्यांनी उसाची तोड पाहिली आहे, त्यांना हे फोड करून सांगावं लागत नाही. कांडं कितीही वाकडं असो, चरकातून पडणारा रस गोडच. आतल्या बाजूची चोखोबांना पक्की खात्री आहे. फ्लामेंकोच्या पदात ही खात्री नसते आणि उपदेशही नसतो. तिथे बोलणारा स्वतःच अडकलेला असतो. कुणाला तरी जाब विचारत असतो, नाहीतर कुणापासून काहीतरी लपवत असतो.

अशी पदं साधारण चार वाटांनी जातात. पहिली वाट तुम्ही सांगितलीत तीच: चारचौघांत हसायचं, घरी येऊन कोसळायचं. दुसरीत समोरच्या माणसाचं रूप देखणं आणि करणी काळी. ही भांडणाची पदं, त्यांत धार असते. तिसरीत अंगावर ठिगळं, पण मान ताठ. गरिबी दिसते ती दिसू दे, इभ्रत शाबूत आहे. चौथी वाट भाषांतरांत हमखास हरवते, आणि आमच्या मते तीच सगळ्यांत मोलाची. तिच्यात माणूस लपवायचं ठरवतो, पण चेहरा फितूर होतो. रंग पिवळा पडतो, डोळे बोलतात, शेजारणीला सगळं कळतं. इथे तोंडचे शब्द खोटे आणि बाहेरचं रूप खरं. 'बाहेरचं ते फसवं, आतलं ते खरं' हे आपलं नेहमीचं गणितच उलटं होतं.

स्पॅनिशमध्ये एक म्हण आहे: 'ला प्रोसेसिओन वा पोर देन्त्रो', म्हणजे मिरवणूक आतून चालली आहे. दुःख दाखवत नसलेल्या माणसाविषयी ती वापरतात. आंदालुसियातल्या सेव्हिल शहरात ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहात येशूच्या आणि मेरीच्या मूर्ती वाहून नेत, ढोल-तुताऱ्यांसह, तासन्‌तास मिरवणुका निघतात. बाल्कनीतून कुणीतरी 'साएता' नावाचं पद मूर्तीकडे बघत गातं आणि गर्दी थांबते. ज्या लोकांच्या मिरवणुका एवढ्या उघड्या आणि गजबजलेल्या, त्यांनी 'माझी मिरवणूक आत चाललीय' म्हणावं, म्हणजे आत काय गर्दी असेल याचा अंदाज करा.

तुम्ही वाचलेलं भाषांतर चुकलेलं नाही, अपुरं आहे. पदाचा निम्मा अर्थ शब्दांत असतो. उरलेला गायक ओळ कुठे तोडतो, कुठल्या शब्दावर 'आय्' करून थबकतो, त्यात असतो. पडद्याखालची पट्टी तेवढं धरू शकत नाही.

आमच्या भजनी मंडळात दोघं-तिघं पदं रचतात. फ्लामेंकोच्या पदाची बांधणी कशी असते? मराठीत आणायचं झालं तर अभंगात बसेल की ओवीत? आणि ठेका कुठला?
– भजनी मंडळाचे एक सदस्य, खानापूर

पदाला तिकडे 'लेत्रा' म्हणतात. लेत्रा म्हणजे अक्षर, हस्ताक्षर, आणि गाण्याचे शब्दही. एक लेत्रा तीन ते पाच ओळींची आणि तेवढ्यातच पुरी. गायक एका बैठकीत चार-पाच लेत्रा सलग गातो, पण त्यांचा एकमेकींशी संबंध असेलच असं नाही. पहिली आईच्या मरणाची, दुसरी फसवणाऱ्या मित्राची, तिसरी तुरुंगाची, असंही चालतं. तुमच्या भजनात पाच चरण एकाच अभंगाचे असतात आणि ध्रुपद परत परत येतं, तशी सोय इथे नाही. म्हणून पहिली चूक टाळा: सलग गायलेल्या लेत्रांना एक कविता समजून त्यांची गोष्ट जुळवू नका.

सुरुवात 'सोलेआ' या प्रकारापासून करा. सोलेआत तीन किंवा चार ओळी आणि प्रत्येक ओळीत ८ मात्रक, म्हणजे उच्चाराचे तुकडे. वरची म्हणच मोजून बघा: ला-प्रो-से-स्योन-वा-पोर-देन-त्रो. बरोबर ८. मोजताना तीन नियम लक्षात ठेवा. ओळीतल्या शेवटच्या शब्दाचा आघात अगदी शेवटच्या तुकड्यावर असेल तर एक वाढवायचा. आघात शेवटून तिसऱ्यावर असेल तर एक कमी करायचा. एक शब्द स्वरावर संपून पुढचा स्वरानेच सुरू होत असेल तर दोन्ही मिळून एकच धरायचा. हे नियम माहीत नसले की बोटांवर नऊ-दहा येतात आणि छंद मोडलाय असं वाटतं. छंद सहसा मोडलेला नसतो.

यमकाच्या जागी स्वरसाम्य असतं. शेवटच्या आघातापासून पुढचे स्वर जुळले की झालं, व्यंजनं कुठलीही चालतात. 'देन्त्रो' (आत), 'पेचो' (छाती), 'नेग्रो' (काळा) यांत ए-ओ जुळतं, म्हणून ते एकमेकांचे सोबती. मराठीत पाणी, वाती, गाडी यांत आ-ई जुळतं, तसं. चार ओळींत दुसरी आणि चौथी जुळते, तीन ओळींत पहिली आणि तिसरी, मधली मोकळी. आपला कान पक्क्या यमकाला सरावलेला, त्यामुळे हे जुळणं त्याला ऐकूच येत नाही आणि भाषांतर करणारा तिन्ही ओळींना ठोक यमक लावून टाकतो. तिथे पदाचं बडबडगीत होतं.

मराठीत आणायला ८ अक्षरांचा चरण उत्तम. ओवीचा जीव लेत्राच्या फार जवळचा आहे. जात्यावर बसलेली बाई ज्या मोकळेपणाने आईला हाक मारते, तशीच हाक या पदांतही येते. पण ओवीचं माप गळ्याप्रमाणे सैल होतं, म्हणून बांधणी शिकताना ८ अक्षरं धरा आणि गायचं ठरलं की ओवीच्या चालीकडे वळा.

आता मुख्य गोष्ट. बाहेर-आत हा विषय घेऊन रचायला बसलं की पहिल्या झटक्यात असं काहीतरी येतं. नमुन्यासाठी आम्हीच रचलंय:

बाहेर मी हसते रे
आत मन रडते रे
कुणा ना हे कळते रे

प्रत्येक ओळीत अक्षरं ८ आहेत, माप चोख आहे, आणि तरी पद पडलेलं आहे. कारण 'आत' आणि 'मन' हे शब्द उच्चारले की ऐकणाऱ्याला शोधायला काही उरत नाही. हसू कसलं, रडू कसलं, एकही वस्तू डोळ्यांसमोर येत नाही. तिन्ही ओळींचं 'ते रे' कानाला झुलवतं, टोचत नाही. हाच आशय असा बांधून बघा:

दारी आंब्याची डहाळी
उंबऱ्यावरती कुंकू
मांजर चुलीत व्याली

डहाळी आणि व्याली यांत आ-ई जुळलं, कुंकू मोकळं राहिलं. 'मन' नाही, 'दुःख' नाही, 'पण' सुद्धा नाही. दाराशी सण आहे आणि चूल इतके दिवस पेटलेली नाही की मांजरीला तिथे ऊब नसली तरी निवारा मिळाला. चुलीत मांजर व्यालं म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. घरातली बाई काय भोगत असेल ते पद बोलत नाही, ऐकणाराच आत शिरून बघतो. फ्लामेंकोच्या चांगल्या लेत्रा अशाच चालतात: बाहेरची एखादी वस्तू स्वच्छ दिसेल अशी ठेवायची आणि बाजूला व्हायचं.

रचताना क्रम असा ठेवा. आधी डोळ्यांना दिसणाऱ्या सात-आठ वस्तूंची यादी करा: दार, विहीर, शर्ट, नाणं, मेणबत्ती, काहीही. त्यांतल्या दोन बाहेरच्या निवडा आणि एक अशी, जी घरात शिरल्याशिवाय दिसत नाही. ती शेवटच्या ओळीत टाका. मग भावनेचं नाव घेणारा प्रत्येक शब्द खोडा. शेवटी 'पण', 'मात्र', 'तरी' खोडून बघा. त्यांच्याशिवाय वळण कळत नसेल तर वस्तू चुकीची निवडलीय, जोडशब्दाने ती सुधारणार नाही.

'सिगिरिया' हा प्रकार सगळ्यांत जड, मरणाचा आणि एकटेपणाचा. त्याच्या ओळी ६, ६, ११, ६ अशा. तिसरी लांब ओळ ५ आणि ६ अशी दुभंगते, आणि दुसरी-चौथी जुळते. चोखोबांच्या त्या ओळीचे तुकडे पाडा: ऊस डोंगा परी, रस नोहे डोंगा, काय भुललासी, वरलिया रंगा. प्रत्येक तुकडा ६ अक्षरांचा. म्हणजे सिगिरियाच्या आखूड ओळींचं माप तुमच्या तोंडी आधीपासून आहे, फक्त तिसरी ओळ ताणायला शिकायचंय.

ठेक्याविषयी. सोलेआला १२ मात्रा, एकतालाइतक्याच. पण आघात ३, ६, ८, १०, १२ वर. आपण सवयीने १ वर सम धरतो आणि दोन आवर्तनांत भरकटतो. तिथे १ वर काहीच घडत नाही. गिटारचं वाक्य १० वर मिटतं, ११ आणि १२ श्वासाचे. ऐकताना १० वर मांडीवर हात ठेवा, आठवडाभरात पकड येते.

शब्दकोश घेऊन बसले तरी निम्मे शब्द सापडत नाहीत. सापडतात त्यांचा अर्थ लागत नाही. 'आल्मा' म्हणजे आत्मा, 'कोरासोन' म्हणजे हृदय, असं लिहिलं की भाषांतर प्रवचनासारखं होतं. काय चुकतंय?
– एक विद्यार्थिनी, निपाणी

तुमचं निदान बरोबर आहे, ताई. प्रवचन होतंय, कारण 'आत्मा' या शब्दाबरोबर आपल्याकडे सगळं वेदान्त घरात येतं. लेत्रातला 'आल्मा' तसा नसतो. 'आल्मा मिआ' अशी हाक असते, तिला 'माझ्या जिवा' म्हणा. 'कोरासोन'ला काळीज म्हणा. काळीज तुटतं, फाटतं, पिळवटतं. हृदयाचं मराठीत एवढं काही होत नाही. 'एन्त्रान्यास' म्हणजे शब्दशः आतडी. आपणही 'आतडं तुटतं' म्हणतोच, तेव्हा तिथे संकोच करू नका.

एक शब्द मुद्दाम सांगतो: 'एन्त्रेतेलास'. शिंप्याच्या भाषेत वरचं कापड आणि अस्तर यांच्या मध्ये जे कडक कापड घालतात, कोटाच्या छातीत किंवा कॉलरमध्ये, ते 'एन्त्रेतेला'. त्याचंच अनेकवचन बोलीत काळजाच्या अगदी आतल्या जागेसाठी वापरतात. बाहेरचं रूप आणि आतला माणूस यांच्यामधली शिवणच त्या शब्दात दिसते. त्याला 'अंतःकरण' लिहिलंत तर शिंपी हरवला. 'काळजाचं अस्तर' लिहा.

'फातिगास' कोशात थकवा म्हणून सापडेल. पदांत तो जिवाचा त्रास असतो. मराठीत 'कष्ट' म्हणजे श्रम आणि 'कष्टी' म्हणजे दुःखी, तीच वाट. 'सेराना' म्हणजे डोंगराकडची बाई, पण पदात ती प्रिय व्यक्तीला घातलेली साद असते, तिचा डोंगर शोधू नका. 'प्रिमो' म्हणजे चुलत किंवा मावसभाऊ, आणि आपल्यातल्या कुठल्याही माणसाला घातलेली हाकही. 'मारे' म्हणजे आई, आपल्या 'आई गं'सारखी कळ आली की तोंडातून निघणारी.

न सापडणारे शब्द दोन कारणांनी सापडत नाहीत. एक, आंदालुसियाचा उच्चार. तिथे स्वरानंतरचा 'द' बऱ्याचदा गळतो आणि शब्दाअखेरचा 'स' नुसत्या श्वासासारखा होतो. 'माद्रे'चं 'मारे' होतं, 'पारा'चं 'पा', 'मुय'चं 'मु'. सेव्हिलमध्ये १८८१ साली आंतोनिओ माचादो इ आल्वारेस यांनी, म्हणजे 'देमोफिलो' या टोपणनावाने लिहिणाऱ्या अभ्यासकाने, फ्लामेंको पदांचा संग्रह छापला तेव्हाही बोलीचे उच्चार जपले होते. कोशात बघण्याआधी गळलेला 'द' परत घालून बघा.

दुसरं कारण 'कालो', म्हणजे स्पेनमधल्या हितानो (जिप्सी) समाजाची बोली. व्याकरण स्पॅनिश, पुष्कळसे शब्द रोमानी. हा समाज मुळात उत्तर भारतातून निघालेला. स्पेनमध्ये त्यांची पहिली नोंद १४२५ सालची आहे. त्यांचे शब्द तुम्हाला कोशाशिवाय कळतील. 'दुकेलास' म्हणजे दुःखं. 'पान्यी' म्हणजे पाणी. 'उंदिबेल' म्हणजे देव, त्यातला 'देव' नीट ऐका. 'कामेलार' म्हणजे प्रेम करणं, 'काम' या आपल्याच धातूकडून आलेलं. 'कालो' म्हणजे काळा. निपाणीच्या मुलीने आंदालुसियाचं पद वाचावं आणि नेमका दुःखाचाच शब्द ओळखीचा निघावा, यात आम्हाला फार आनंद वाटतो.

आमच्या गुरुजींनी लहानपणी आरसा समोर ठेवून गायला लावलं, मुद्रादोष नको म्हणून. हे फ्लामेंकोवाले तर तोंड वेडंवाकडं करून ओरडल्यासारखं गातात. चांगल्या गायकाचं हे लक्षण कसं?
– एक संगीतप्रेमी, अथणी

कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे. या भागातल्या कानाला ख्यालाची शिस्त ठाऊक आहे, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. ख्यालात स्वर हा गाभा आणि चेहऱ्याने त्याच्या आड येऊ नये ही अपेक्षा. 'कांते', म्हणजे फ्लामेंकोचं गाणं, शब्द गळ्यातून बाहेर यायला झगडतोय हे ऐकू यावं अशी अपेक्षा ठेवतं. वाकडं झालेलं तोंड त्या झगड्याची खूण म्हणून स्वीकारतात. मुद्दाम वाकडं केलं तर मात्र जाणकार ऐकणारे लगेच ओळखतात आणि 'ओले', म्हणजे वाहवा, द्यायचे थांबतात.

आवाजही निराळा. भरड, घोगरा, छातीतून येणारा आवाज तिथे मानाचा. त्याला 'आफिया' म्हणतात, एकोणिसाव्या शतकातल्या एल फियो या गायकाच्या नावावरून. नक्कल करणारे घसा आवळून खरखर काढतात आणि आठवडाभरात आवाज बसतो. ती खरखर घशाच्या दाबाची नसते, ती मूळ आवाजाचा पोत असते. ज्यांचा आवाज गोल आणि स्वच्छ आहे त्यांनी तसंच गावं. कांतेत त्याही आवाजाला जागा आहे आणि नावही आहे.

स्वरांचं सांगायचं तर सोलेआची स्वरपंक्ती तुम्हाला भैरवीची वाटेल: रे, ग, ध, नी कोमल. पण गिटार विसाव्याला येतं तेव्हा त्या सुरावटीत शुद्ध गंधार वाजतो. गळ्यात कोमल, तारेवर शुद्ध. हे बेसूर नाही, तीच त्याची चव आहे.

शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलींचा फ्लामेंको नाच बसवतेय. लाल झालरीचा झगा, तोंडात गुलाब, असं ठरलं. गाणं मात्र दुःखाचं निवडलं गेलंय असं आता कळलं. रंगीत कपड्यात दुःखाचं गाणं चालेल? शब्दांवर अभिनय बसवावा का?
– एक नृत्यशिक्षिका, चिकोडी

बाई, गुलाब आधी काढा. तोंडात फूल धरणं सिनेमाचं, फ्लामेंकोचं नाही. शिवाय दातात देठ धरला की मुलींचा जबडा आवळतो, मान ताठरते आणि खांदे वर चढतात.

झगा चालेल. झालरीचा, मोठ्या ठिपक्यांचा झगा सेव्हिलच्या एप्रिलच्या जत्रेशी जोडलेला आहे. ती जत्रा १८४७ साली जनावरांचा बाजार म्हणून सुरू झाली आणि तिथे येणाऱ्या कष्टकरी बायकांच्या पेहरावातून हा झगा घडला. हितानोंच्या पेहरावाला एक जुनं दुखणंही आहे. १७८३ साली राजा तिसरा कार्लोस याने कायदा करून त्यांचा वेश, त्यांची बोली आणि भटकंती यांवर बंदी घातली. ज्या समाजाला अंगावरचं आणि तोंडातलं दोन्ही टाकायला सांगितलं गेलं, त्यांच्या गाण्यात बाहेर-आतचा प्रश्न इतका खोल का, ते मुलींना दोन वाक्यांत सांगा. नाच बदलेल.

गाणं कुठल्या प्रकारचं आहे ते आधी बघा. 'आलेग्रिआस' असेल तर झगा, हसू, सगळं जमेल. कादिसकडचा हा आनंदी प्रकार, मात्रा सोलेआच्याच १२, पण लय जलद. 'सिगिरिया' असेल तर गडद एकरंगी कपडे घ्या, किंवा गाणं बदला. शाळेतल्या मुलींना सिगिरिया देऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

शब्दांवर अभिनय नको. भरतनाट्यममध्ये पदाचा अर्थ हातांनी आणि डोळ्यांनी उलगडतात, ती पद्धत इथे लावली की नाच मूकनाट्य होतो. 'डोळे' आलं की डोळ्याकडे बोट, 'काळीज' आलं की छातीवर हात, हे पूर्ण टाळा. गायक गात असताना नर्तकी साध्या पावलांनी लय धरते, त्याला 'मार्काहे' म्हणतात. पायांचा कडकडाट शब्दांवर आला तर पद बुडतं, आणि तिकडे तो गायकाचा अपमान समजतात. ओळ संपली की छोटा, ठसठशीत ठोका, तो 'रेमाते'. पायांचं मोठं काम पद संपल्यावर.

बसवताना क्रम असा: पायांनी दिलेली हाक, म्हणजे 'यामादा'; मग एक लेत्रा मार्काहेवर; रेमाते; गिटारचा एकट्याचा तुकडा; मग पायांचं काम; शेवट जलद लयीत. चार मिनिटांत दोन लेत्रा पुरेत. मंचावर लाकडी फळ्या टाका. फरशीवर बुटाचा आवाज उठत नाही, मग मुली जोर लावतात आणि गुडघे दुखावतात.

आमच्या घरी निम्मं कन्नड, निम्मं मराठी. बसवण्णांचं 'कळबेड, कोलबेड' हे वचन आजीच्या तोंडी असायचं. त्यात अंतरंग शुद्धी, बहिरंग शुद्धी दोन्ही आहे. फ्लामेंकोत तसं काही?
– एक वाचक, कागवाड

चोरू नको, मारू नको, खोटं बोलू नको, रागावू नको, दुसऱ्याचा तिरस्कार करू नको, स्वतःची फुशारकी नको, समोरच्याची निंदा नको. हीच अंतरंग शुद्धी, हीच बहिरंग शुद्धी. बाराव्या शतकातलं हे वचन दोन्ही बाजूंना एकच आचरण देतं. फ्लामेंकोची पदं शुद्धीविषयी बोलत नाहीत, त्यामुळे तशी तुलना ओढून-ताणून करू नये. एक धागा मात्र खरा आहे: आत आणि बाहेर ही दोन वेगळी घरं नाहीत, हे बसवण्णांना जसं ठाऊक, तसं चेहरा फितूर होण्याची पदं रचणाऱ्यांनाही.

'दुएन्दे' म्हणजे गायकाचा अंतरात्मा का?
– एक वाचक, येळ्ळूर

नाही. स्पॅनिश लोककथांत दुएन्दे म्हणजे घरात वावरणारं खट्याळ भूत. फ्लामेंकोत तो शब्द एखाद्या क्षणी गाण्यात जे उतरतं त्यासाठी वापरतात. कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यांनी १९३३ साली ब्यूनस आयर्समध्ये त्यावर व्याख्यान दिलं आणि शब्द जगभर गेला. तो गायकाकडे कायमचा नसतो. काल उतरला, आज नाही, असंच चालतं. 'आमच्या अंगात दुएन्दे आहे' असं कुणी जाहिरातीत लिहिलं तर ते जाहिरातीपुरतंच समजा.

सगळं वाचलं. ऐकायला कुणापासून सुरुवात करू? रोज अर्धा तासच मिळतो.
– एक गृहिणी, शहापूर, बेळगाव

अर्धा तास भरपूर. तीन नावं घ्या. 'निन्या दे लोस पेइनेस', म्हणजे फण्यांवाली पोर, पास्तोरा पाव्होन (१८९०–१९६९). आंतोनिओ माइरेना (१९०९–१९८३). आणि 'कामारोन दे ला इस्ला' (१९५०–१९९२). कामारोन म्हणजे कोळंबी, हितानो घरात जन्मलेल्या गोऱ्या, सडपातळ पोराला त्याच्या रूपावरून पडलेलं नाव.

तिघांची एकेक सोलेआ निवडा, एका दिवशी एकच. पहिल्यांदा नुसत्या मात्रा मोजा, १० वर हात ठेवून. दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवा आणि ओळ कुठे तुटते तिथे पेन्सिलीने रेघ मारा. कधीकधी रेघ शब्दाच्या पोटातच पडेल, दोन शब्दांच्या मध्ये नाही. तिसऱ्यांदा त्या रेघांपाशी गिटार काय करतं ते ऐका. तीन ओळींची लेत्रा गाताना एखादी ओळ दोनदा येते. परत येताना तिची रेघ कुठे सरकली, तेही टिपून ठेवा. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गायकाची सोलेआ घ्या आणि जुन्या कागदाच्या शेजारी नवा कागद ठेवून रेघा ताडून बघा.